लहान असत्याचा विचार

वारीच्या वाटेने जो एकदा चालला त्याला हा अनुभव हटकून आलेला असतो. आळंदी सोडली की पंढरपूर येईपर्यंत गावोगावची माणसे रस्त्याच्या कडेला उभी असतात. कुणी चहा देतो, कुणी शेंगदाण्याचे लाडू, कुणी म्हणतो बसा, पाय चेपतो. आपले पोट भरलेले असते, किंवा पुढे जाण्याची घाई असते, किंवा समोरचा चहा गोडमिट्ट असतो. मग आपण हात जोडून म्हणतो, "झालं माउली, आत्ताच झालं." पुष्कळदा झालेले नसते. हे वाक्य दिवसातून दहा वेळा तोंडातून जाते आणि दहा पावलांत विसरले जाते. याला पाप कोण म्हणेल? मीही म्हणत नव्हतो. या खेपेला पाठासाठी हाच विषय घेतला आहे.

माळ घालताना जे नियम सांगतात त्यांत खरे बोलावे हा एक असतो. एकादशी चुकली, वारी चुकली, अभक्ष्य भक्षण केले, तर चार माणसांत दिसते. खरे बोलण्याचा नियम मोडला तर आपल्यावाचून कुणाला कळत नाही, आणि काही दिवसांनी आपणही कळून घ्यायचे सोडून देतो.

शास्त्राने मात्र हिशेब बारीक ठेवला आहे. पातंजल योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात यम सांगितले, त्यात अहिंसेमागोमाग सत्य आहे. तेथील व्यासभाष्यात हिंसेचे भेद मोजले आहेत. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली, आणि दुसऱ्याने केली असता तिला मान डोलावलेली, हे तीन. हे तिन्ही लोभाने, क्रोधाने किंवा मोहाने घडतात, म्हणून नऊ. पुन्हा प्रत्येक मृदु, मध्य की तीव्र, म्हणून २७. भाष्यकारांचे एवढ्याने समाधान होत नाही. मृदूतही मृदु, मध्य आणि तीव्र असे पोटभेद पाडीत ते ८१ पर्यंत जातात, आणि असत्यादिकांनाही हीच रीत लावावी असे सांगतात. पाठशाळेत गुरुजी हे आमच्याकडून बोटांच्या पेरांवर मोजून घेत. आम्ही पोरे मागच्या मागे हसत असू, की एवढ्या परींनी खोटे बोलायला वेळ कुणाला आहे! मोजणी पाठ झाली. आपले स्वतःचे खोटे तीत कोणत्या पेरावर बसते हे मात्र मी पन्नाशी गाठेपर्यंत पाहिले नव्हते.

आता माझी हकीकत सांगतो.

२०११ सालच्या वारीत फलटणचा मुक्काम हलवून आम्ही बरडकडे निघालो होतो. दिवस सोमवारचा. विडणी मागे पडली आणि माझ्या उजव्या टाचेचा फोड फुटला. दिंडीकऱ्यांना म्हटले, तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून. उसाच्या एका बांधावर बाभळीखाली बसलो. पलीकडे पाचटाचे एक खोपट होते. त्यातून एक बाई बाहेर आली, साठीच्या आसपासची, हाताला शेण लागलेले. कामात होती ती. मला बघून हात तसेच झटकले आणि विचारले, "म्हाराज, पायाला काय झालं वो?"

मी पाय दाखवला. ती आत गेली, हात धुतले की नाही हे मला दिसले नाही. येताना पळीत कोमट तेल, त्यात हळद, आणि जुन्या लुगड्याची धुतलेली चिंधी. पाय मांडीवर घेऊन तिने तो बांधला. मी नको नको म्हणत होतो, पण ती ऐकेल तर ना. बांधून झाल्यावर म्हणाली, "आता कोरभर भाकर खावा, मंगच उठा." आणि जर्मनच्या ताटलीत भाकरी, ठेचा आणि फोडलेला कांदा घेऊन आली.

श्रोतेहो, मला भूक होती. तरीही तोंडातून निघाले ते असे: "मावशी, आज माझा सोमवार आहे. उपवास."

मी सोमवार कधी धरलेला नव्हता. आमचे व्रत एकादशीचे. पण दिवस सोमवारचा होता, आणि जिभेला जे जवळ सापडले ते तिने उचलले.

बाईने ताटली खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला. "आता गं बया! उपाशी मानसाम्होरं भाकर घिऊन आले मी!" मग पदर सावरून माझ्या पायांवर डोके ठेवले. एवढी वाट चालून वर सोमवार, म्हणाली, ह्याला म्हनायचं वारकरी. मी तिला उठवले, तेवढेच केले. तिने पदराची गाठ सोडली, नातवाला हाक मारली, सात-आठ वर्षांचा पोरगा होता. त्याच्या हातात पैसे दिले आणि म्हणाली, "पळ, फाट्यावरनं केळी आन." मी म्हटले, राहू द्या मावशी, कशाला. ती म्हणाली, "उपाशी मानूस दारातनं तसंच जाऊ द्यायचं व्हय?"

पोरगा धावत गेला, धावत आला. सहा केळी होती. मी एक सोलले आणि दुसरे त्याच्यापुढे धरले. त्याने हात पुढे केलाही. आजीने तो हात मागे ओढला. "नगं रं. ती म्हाराजांच्या उपासाची हायती." पोराने हात चड्डीला पुसला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी दोन केळी खाल्ली. उरलेली चार तिने माझ्या उपरण्याच्या टोकाला बांधून दिली. ती घेऊ नयेत असे वाटले, पण नाही म्हणायला आणखी एक खोटे लागले असते.

संध्याकाळी बरडला आमच्या दिंडीला पुरणपोळीची पंगत होती. कटाची आमटी, वर तुपाची धार. मी पोटभर जेवलो. मनात थोडे खुपले, पण पंडिताचे मन मोठे हुशार असते. ते म्हणाले, सोमवार संध्याकाळी सोडतातच, तेव्हा उपवास घडलाच की! केळी मी पडशीत टाकली होती. तिसऱ्या दिवशी माळशिरसला ती हाताला लागली तेव्हा काळी पडून चिकट झाली होती. ओढ्यावर जाऊन पडशी धुतली. पडशी धुताना त्या पोराचा हात डोळ्यांपुढे आला, आणि तेथून हा विषय माझ्या मागे लागला तो आजपर्यंत.

आता विचार करू. मी खोटे का बोललो?

पहिले उत्तर माझे मला ठरल्याप्रमाणे मिळाले. बाईचे मन दुखवू नये म्हणून. हे उत्तर ऐकायला बरे, पण टिकत नाही. भाकरी खाल्ली असती तर मन दुखवण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरे उत्तर पुरणपोळीचे. भाकरीने पोट भरले असते आणि पंगतीत हात आखडला असता. हे खरे आहे, भाष्यकारांच्या मोजणीत हा लोभ. पण लोभ एवढाच असता तर मी अर्धी भाकरी खाऊन उठलो असतो. तिसरे उत्तर यायला पुष्कळ दिवस लागले, कारण मी ते येऊ देत नव्हतो. तिचे हात मी पाहिले होते. ताटली पाहिली होती. आणि ती कोणाची, कोणत्या घरची, हा प्रश्न मनात उठला होता. पाठशाळेत सोवळ्यात वाढलो. पुढे कीर्तनात चोखोबारायांचे चरित्र सांगून लोकांच्या डोळ्यांत पाणी आणले. तरी तो प्रश्न आत बसलेला होता आणि बाभळीखाली उठून उभा राहिला. हा मोह. तो मला तोंडाने सांगता येत नव्हता. "मावशी, तुझ्या हातचे मला चालणार नाही" असे वारकऱ्याने म्हणायचे कुठल्या तोंडाने? म्हणून सोमवार पुढे केला. जी गोष्ट उच्चारायची लाज वाटते ती मनात ठेवायची मात्र लाज वाटली नाही. त्या खोट्याने माझे हे सोवळे झाकले, आणि वर त्यालाच उपवासाचे तेज चढवले.

येथे कोणी शंका घेईल की बुवा, सत्य कटू असेल तर ते बोलू नये असे मनूनेच सांगितले आहे. बरोबर. चौथ्या अध्यायातील तो श्लोक सर्वांना ठाऊक असतो. पण लोक त्याचा पहिला अर्धा भाग हाती धरतात. अप्रिय सत्य बोलू नये, हे सांगून मनू थांबत नाही. प्रिय असले तरी असत्य बोलू नये, हेही तेथेच लगेच सांगितले आहे. मग बोलावे काय? वाट काढता येते. "मावशी, पुढे पंगत आहे, तुमच्या भाकरीतला चतकोर प्रसाद म्हणून द्या", एवढे म्हणणे कठीण नव्हते. पोट भरलेले असेल तर भरले आहे म्हणावे. चहा नको असेल तर नको म्हणावे, देणाऱ्याला नमस्कार करावा. नुसत्या "नको"ने कुणी मरत नाही. आपल्यालाच ते उघडेबोडके वाटते म्हणून आपण त्याला कारणाचे वस्त्र नेसवतो.

दुसरी शंका अशी की एवढ्याशा खोट्याचे एवढे काय? कुणाचे शेत बुडाले नाही, कुणाचा जीव गेला नाही. मृदूतले मृदु, ८१ पैकी अगदी तळचे. माझेही पुष्कळ दिवस हेच म्हणणे होते. पण मोजताना मी फक्त माझ्याकडची बाजू मोजत होतो. खोटे माझ्या तोंडातून निघाले तेव्हा लहानच होते. ते ज्या कानावर पडले तेथे लहान राहिले नाही. कोरड्या माणसाला तेच सांगितले असते तर तो "बरं" म्हणून आपल्या वाटेने गेला असता, आणि माझे खोटे बांधावर पडून वाळले असते. पण ही बाई दयाळू. तिने ते पडू दिले नाही. त्याच्यासाठी पदराची गाठ सोडली, पोराला पळवले, त्याच्या हातचे केळे काढून घेतले, आणि माझ्या पायांवर डोके ठेवले. मी एक वाक्य बोललो, आणि त्या वाक्याची सगळी भरपाई तिने केली.

आणि तिने विश्वास तरी का ठेवला? माझ्या गळ्यातल्या माळेमुळे, कपाळावरच्या गोपीचंदनामुळे. महाभारतातील द्रोणपर्व येथे आठवावे. अश्वत्थामा मेला असे भीम ओरडला. भीमाने इंद्रवर्म्याचा त्या नावाचा हत्ती मारला होता. द्रोणाचार्यांना भीमाचा भरवसा वाटला नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारले, कारण त्रैलोक्याच्या राज्यासाठीही हा खोटे बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती. युधिष्ठिराने नाव मोठ्याने घेतले आणि हत्ती हा शब्द अस्पष्ट उच्चारला. त्याचा रथ तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालत असे, तो खाली टेकला. कीर्तनात आपण रथाचे वर्णन रंगवून करतो. माझे लक्ष आता दुसऱ्या जागी जाते. भीमाच्या ओरडण्याने जे झाले नाही ते युधिष्ठिराच्या पुटपुटण्याने झाले. आयुष्यभराचे खरे बोलणे त्या एका क्षणी खोट्याच्या उपयोगी पडले. पुढे स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला घटकाभर नरक पाहावा लागला, त्याचे कारण इंद्राने हेच सांगितले आहे. माझी युधिष्ठिराशी बरोबरी नाही, हे सांगायला नको. पण माळ तर त्याच कामी आली.

असो. आता प्रायश्चित्ताचा विचार.

मनूच्या अकराव्या अध्यायात पाप सुटण्याचे उपाय क्रमाने आले आहेत. पहिला ख्यापन, म्हणजे केले ते उघड सांगणे. मग अनुताप, मग तप, मग अध्ययन. दान शेवटी आहे, आणि तेही बाकीचे जमत नसेल अशा अडचणीच्या वेळेसाठी. मी क्रम उलटा धरला. दान सर्वांत सोपे, म्हणून तेथून सुरुवात केली. २०१२ च्या वारीत एक नऊवारी लुगडे आणि केळ्यांचा फणा घेऊन मी त्या बांधावर गेलो. मनाशी ठरवले होते की लुगडे द्यायचे आणि खरे काय ते सांगायचे.

बाईने लांबूनच ओळखले. "सोमवारवाले म्हाराज आले!" बोट मोडून वार बघितला आणि म्हणाली, "आज सोमवार न्हाई न्हवं? मंग आज भाकर खायाचीच." मी बसलो आणि खाल्ली. बाजरीची होती, गरम. त्या भाकरीची चव मी सांगत नाही, ते कीर्तनातले बोलणे होईल. केळी पोराला दिली. तो एकामागून एक तीन खाऊन उभा राहिला.

मग ती बोलता बोलता म्हणाली, "तुमी गेल्यापास्नं मीबी सोमवार धरते. म्हनलं, म्हाराज यवढी वाट चालून धरत्यात, आपुन तर घरातच हावं."

सांगण्यासाठी उघडलेले तोंड मिटले. लुगडे तिच्या हाती दिले, पायांवर डोके ठेवले. ती मागे सरली, "आवं काय करता!" असे म्हणाली, आणि मी निघालो.

वाटेने कर्णपर्वातला कौशिक आठवला. अर्जुन युधिष्ठिरावर तलवार उपसतो तेव्हा भगवान ही कथा त्याला सांगतात. कौशिक हा सत्य बोलण्याचे व्रत घेतलेला तपस्वी. चोरांच्या भीतीने पळालेले लोक जवळच्या वनात शिरले. चोरांनी येऊन विचारले आणि कौशिकाने खरे सांगितले. लोक मारले गेले, कौशिक नरकात गेला. मी मनाशी म्हटले, पाहा, खरे बोलण्यानेही घात होतो. बाईची श्रद्धा मोडली असती, तिचे व्रत मोडले असते. गप्प राहिलो हेच धर्म्य झाले. दोन-तीन वर्षे मी या कथेच्या सावलीत स्वस्थ बसलो.

पण कथा नीट पाहिली म्हणजे ती सावली उरत नाही. कौशिक गप्प राहिला असता तर वनातले लोक वाचले असते, त्याचा स्वतःचा लाभ काहीच नव्हता. मी गप्प राहिलो त्यात वाचला कोण? मीच. माझा उपवासाचा मान वाचला. तिचे व्रत माझ्या खऱ्या बोलण्याने मोडले असते की नाही, हे तिचे तिने ठरवायचे होते. ती हसली असती, कदाचित रागावलीही असती, आणि तिचा सोमवार पुढेही धरला असता. तो महादेवाचा होता, माझा नव्हे. मी तिला ते ठरवूच दिले नाही. तिच्यापुढे दोन वेळा बसलो, आणि दोन्ही वेळा तिला माझ्याविषयी खोटे माहीत होते.

२०१३ साली गेलो तेव्हा खोपटाला कडी होती. शेजारच्या वस्तीवर विचारले तर म्हणाले, पोराकडे गेली, लांब. कुठे ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हते. पुढे दर वर्षी मी तेथे थांबत गेलो. २०२० आणि २०२१ या दोन साली महामारीमुळे पायी सोहळा झाला नाही, पादुका एस्टीच्या गाडीने पंढरपूरला गेल्या. २०२२ साली पुन्हा पायी निघालो तेव्हा पालखी मार्गाच्या चौपदरीकरणात तो बांध मला ओळखू आला नाही.

अनुताप झाला म्हणावे तर झाला. तप म्हणून तेव्हापासून मी सोमवार धरतो. याने ते खोटे खरे होईल अशी मला आशा होती. तसे होत नाही. पुढचे सगळे सोमवार खरे झाले, तो एक तसाच आहे, त्या दिवशी मी पुरणपोळी खाल्ली आहे. राहता राहिले ख्यापन. त्याचीही मी एक पळवाट काढली होती, तीही सांगून टाकतो. ही हकीकत मी कीर्तनात दृष्टांत म्हणून पुष्कळ वेळा सांगितली, पण "एक बुवा होते" असे म्हणून. लोक रडत. आयाबाया पदर डोळ्यांना लावीत. एके ठिकाणी यजमानांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि म्हणाले, बुवा, तुमच्यासारखे सत्यनिष्ठ आता दुर्मिळ. तो हार मी घालून घेतला. माळशिरसच्या ओढ्यावर पडशी धुताना झाली नव्हती इतकी लाज त्या हाराने वाटली.

तेव्हा हे लिहिले. ते बुवा मी.

ती मावशी हे वाचणार नाही, तिला अक्षर येत नव्हते, आणि आज ती आहे की नाही हेही मला माहीत नाही. म्हणून हे लिहिणे मला तोंडाने सांगण्यापेक्षा सोपे गेले, हेही कबूल करतो. पण तो पोरगा आता विशीच्या पुढे असेल, आणि शाळेत जात होता. वारीच्या वाटेवर हे मासिक पुष्कळ घरांत येते. त्याच्या हाती पडले, आणि त्याला विडणीपुढची बाभळ, जर्मनची ताटली आणि फाट्यावरून पळत आणलेली सहा केळी आठवली, तर त्याच्यासाठी एवढेच लिहितो. बाळा, त्या दिवशी मला उपवास नव्हता. तू ते केळे खाल्ले असतेस तर चालले असते. आजी असेल तर तिला सांग.